जुनी कंपनी नव्या कंपनीला तुमच्याविषयी काय सांगू शकते? कायदा, कागदपत्रे आणि करायच्या गोष्टी

जुन्या कंपनीला कायद्याने फक्त रुजू झाल्याची आणि नोकरी सोडल्याची तारीखच सांगता येते, असा समज नोकरदारांमध्ये इतका पक्का आहे की कित्येक जण त्याच्याच भरवशावर भांडून राजीनामा देतात. असा कायदा भारतात नाही, ब्रिटनमध्ये नाही आणि अमेरिकेच्या संघीय कायद्यातही नाही. अनेक मोठ्या कंपन्या तारखा आणि पद यापलीकडे काही सांगत नाहीत हे खरे आहे, पण ते त्यांचे स्वतःचे धोरण असते. जास्त बोललो तर दावा लागेल आणि कमी बोललो तर कोणी काही म्हणणार नाही, एवढाच हिशोब त्यामागे असतो. धोरण उद्या बदलू शकते. शिवाय एचआर विभागाने धोरण पाळले तरी तुमच्या जुन्या साहेबांना कोणी थेट फोन केला, तर ते पाळतीलच असे नाही. म्हणून कंपनी काय सांगते आणि कायदा काय सांगू देतो, हे दोन प्रश्न आधी वेगळे करावे लागतात.

पहिली पायरी: कायद्याच्या तीन कसोट्या समजून घ्या

कंपनीने तुमच्याविषयी वाईट सांगितले की चांगले, याच्याशी कायद्याला फारसे कर्तव्य नसते. सांगितलेली गोष्ट खरी आहे का, ती प्रामाणिकपणे सांगितली का, आणि ज्याला सांगितली त्याला ती ठाऊक असण्याचे सयुक्तिक कारण आहे का, हे तीन प्रश्न कायदा विचारतो. भारतातील दिवाणी न्यायालये अब्रुनुकसानीच्या दाव्यात ज्या तत्त्वांचा आधार घेतात, त्यांनुसार सत्य हा पूर्ण बचाव आहे. तुम्ही वर्षभरात चाळीस दिवस न सांगता गैरहजर राहिला असाल आणि हजेरीपटात तशी नोंद असेल, तर ते सांगणाऱ्यावर दावा टिकत नाही, मग त्यामुळे तुमची नोकरी हुकली तरी.

फौजदारी बाजू थोडी निराळी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या ४९९ आणि ५०० या कलमांची तरतूद कलम ३५६ मध्ये आली. त्यानुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधा कारावास, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे. मात्र या कलमाला दहा अपवाद आहेत आणि आपल्या विषयाचा गाभा त्या अपवादांतच सापडतो. पहिल्या अपवादानुसार नुसते सत्य पुरेसे नसते, ते सांगणे लोकहिताचेही असावे लागते. नवव्या अपवादात, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितसंबंधांच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेले विधान बदनामी ठरत नाही. त्याखाली कायद्याने दिलेले उदाहरण मोठे बोलके आहे. एक दुकानदार आपल्या दुकानाची व्यवस्था पाहणाऱ्याला सांगतो की अमक्याने रोख पैसे दिल्याशिवाय त्याला माल विकू नकोस, कारण त्याच्या प्रामाणिकपणाविषयी माझे मत चांगले नाही. दुकानदाराने हे सद्भावनेने आणि स्वतःच्या हिताच्या रक्षणासाठी म्हटले असेल, तर तो सुटतो. जुनी कंपनी नव्या कंपनीला सावध करते तेव्हा तिचा वकील याच अपवादाचा आणि त्याला लागून असलेल्या दहाव्या अपवादाचा, म्हणजे समोरच्याच्या भल्यासाठी दिलेल्या सावधगिरीच्या सूचनेचा, आधार घेतो.

पण सद्भावना म्हणजे नुसते मन साफ असणे नव्हे. योग्य ती काळजी आणि लक्ष न देता केलेली किंवा खरी मानलेली गोष्ट सद्भावनेची समजली जात नाही, अशी कायद्याचीच व्याख्या आहे. कोणतीही नोंद न पाहता, ऐकीव गोष्टीवर विसंबून ‘हा माणूस पैसे खायचा’ असे सांगणारा अधिकारी या व्याख्येत बसत नाही.

दुसरी पायरी: सांगता येण्याजोगे आणि न येण्याजोगे यांची वर्गवारी करा

पद, कामाचा कालावधी, कामाचे स्वरूप, राजीनामा दिला की काढून टाकले, नोटिस पिरियड पूर्ण केला की नाही, लेखी ताकीद दिली असल्यास ती, आणि कामाविषयी वरिष्ठांचे प्रामाणिक मत, एवढ्या गोष्टी साधारणपणे सांगता येतात. अखेरचा पगार सांगण्यालाही भारतात सरसकट बंदी नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनी मात्र उमेदवाराच्या जुन्या पगाराची चौकशी करण्यावर निर्बंध घातले आहेत.

खरी गुंतागुंत चौकशीच्या प्रकरणांत होते. समजा, हिशोब विभागातील एका कर्मचाऱ्यावर बिलांत फेरफार केल्याचा आरोप झाला, खातेनिहाय चौकशी सुरू झाली आणि ती पूर्ण होण्याआधीच त्याने राजीनामा दिला. नव्या कंपनीने विचारल्यावर ‘राजीनाम्याच्या वेळी त्यांच्यावर चौकशी प्रलंबित होती’ हे वाक्य खरे आहे. ‘त्यांनी बिलांत फेरफार केला’ हे वाक्य मात्र कोणीही सिद्ध केलेले नाही. ब्रिटनच्या अपील न्यायालयासमोर या दोन वाक्यांमधला फरक दोन वेगवेगळ्या खटल्यांत आला. पहिल्या खटल्यात हॅकनी या लंडनमधील स्थानिक संस्थेने आपल्या माजी कर्मचाऱ्याच्या संदर्भपत्रात, म्हणजे नव्या मालकाला त्याच्याविषयी दिलेल्या पत्रात, प्रलंबित शिस्तभंगाच्या कारवाईचा उल्लेख केला होता. तो खरा होता आणि पत्र एकंदरीत दिशाभूल करणारे नव्हते, म्हणून संस्था सुटली. २००१ च्या कॉक्स खटल्यात विमा कंपनीने तडीस न नेलेल्या आरोपांच्या आधारे माजी अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणावर ठपका ठेवला आणि ती निष्काळजीपणाबद्दल जबाबदार ठरली. असा ठपका ठेवण्याआधी वाजवी तपास झालेला असला पाहिजे आणि त्यातून तसे मानण्यास वाजवी आधार मिळालेला असला पाहिजे, ही अपेक्षा त्या निकालातून स्पष्ट झाली. या दोन्ही निकालांचा पाया हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधील सर्वोच्च न्यायपीठाने, १९९४ मध्ये स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स या खटल्यात घातला होता. संदर्भपत्र लिहिताना माजी कर्मचाऱ्याच्या बाबतीत वाजवी काळजी घेणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे त्यात ठरले.

काही माहिती मात्र खरी असूनही उघड करता येत नाही. भारतात २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यानुसार एखाद्याची एचआयव्ही स्थिती त्याच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि ‘आम्ही फक्त एचआरलाच सांगितले’ ही सबब त्याला चालत नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविषयीच्या २०१३ च्या कायद्याचे कलम १६ तक्रारीचा मजकूर, तक्रारदार, प्रतिवादी आणि साक्षीदारांची ओळख, तसेच चौकशीचे कामकाज कोणत्याही प्रकारे जनतेला किंवा माध्यमांना कळवण्यास मनाई करते. दुसऱ्या कंपनीला गोपनीयपणे सांगणे या शब्दांत बसते का, यावर वकील वाद घालतील. पण अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीच्या कामकाजाविषयी बाहेर एक शब्दही न काढणारा एचआर अधिकारीच शहाणा म्हणायचा. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार कर्मचाऱ्याची वैद्यकीय माहिती गोपनीय ठेवावी लागते.

सूडापोटी दिलेले वाईट मत हा आणखी एक प्रकार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध शेल ऑइल खटल्यात एकमताने निर्णय दिला की भेदभावाची तक्रार केल्याचा सूड म्हणून माजी कर्मचाऱ्याविषयी वाईट संदर्भ दिल्याचा आरोप त्याच भेदभावविरोधी कायद्याखाली चालवता येतो. ‘तो तर आता आमचा कर्मचारीच नाही’ हा बचाव तिथे चालला नाही.

गोड बोलूनही अडचण येते, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आले. विद्यार्थिनींशी गैरवर्तनाच्या तक्रारी असलेल्या शाळा-अधिकाऱ्याची भरभरून शिफारस करून त्या तक्रारी दडवल्याचा आरोप जुन्या शाळांवर होता, आणि पुढच्या शाळेत इजा झालेल्या मुलीला त्या जुन्या शाळांवर दावा लावता येईल, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे ‘वाईट सांगू नका, म्हणजे सुरक्षित राहाल’ हा सल्लाही पूर्ण बरोबर नाही.

तिसरी पायरी: पडताळणीचा फॉर्म समोर ठेवून विचार करा

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन बहुतेक वेळा बाहेरची एजन्सी करते आणि तिचा फॉर्म एका पानाचा असतो. नाव, कर्मचारी क्रमांक, पद, रुजू झाल्याची तारीख, कामाचा शेवटचा दिवस, अखेरचा पगार, नोकरी सोडण्याचे कारण, रिलिव्हिंगच्या औपचारिकता पूर्ण झाल्या का, शिस्तीविषयी काही बाब आहे का, आणि शेवटी एक चौकट: पुन्हा नोकरीवर घ्याल का? हो किंवा नाही.

सगळ्यात जास्त नुकसान या शेवटच्या चौकटीने होते. तिथे ‘नाही’वर खूण करणाऱ्याला कारण लिहावे लागत नाही, आणि वाचणारा सगळ्यात वाईट कारण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कारण अगदी किरकोळही असू शकते. नोटिस पिरियड कमी भरला, की संगणक प्रणालीत आपोआप ‘नाही’ पडावे, अशी व्यवस्था काही कंपन्या करतात. दुसरी धोक्याची जागा म्हणजे ‘अॅब्स्कॉन्डिंग’ हा, म्हणजे न कळवता पळून गेल्याचा, शेरा. राजीनामा ईमेलने पाठवला, कोणी स्वीकारला नाही, आणि तुम्ही कामावर जाणे थांबवले, की नोंदीत हा शब्द येतो. खून करून पळालेल्या आरोपीसाठी शोभेल असा हा शब्द सुट्टीवरून न परतलेल्या कारकुनासाठी सर्रास वापरला जातो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. पण एकदा नोंद झाली, की पुढची प्रत्येक पडताळणी तेच वाचते.

फोनवर होणारी चौकशी तर याहूनही निसरडी. ‘त्यांच्याविषयी मी काही न बोललेलेच बरे’ या वाक्यात खोटे काहीच नसते, पण ऐकणारा जे समजायचे ते समजतो. बदनामीच्या कायद्यात सूचक बोलणेही मोजले जाते, मात्र ते सिद्ध करणे अवघड असते.

जर्मनीत हेच सूचक बोलणे कागदावर पोहोचले. तिथे व्यवसाय विनियमन कायद्याच्या कलम १०९ नुसार प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी प्रमाणपत्र मागण्याचा हक्क आहे, त्याने मागितल्यास त्यात काम आणि वर्तन यांविषयी मतही द्यावे लागते, आणि न्यायालयांनी ठरवल्याप्रमाणे त्याची भाषा सत्य असूनही सद्भावपूर्ण असावी लागते. त्यातून एक सांकेतिक श्रेणीव्यवस्था तयार झाली. ‘नेहमीच आमच्या पूर्णतम समाधानाने काम केले’ म्हणजे उत्कृष्ट, ‘पूर्ण समाधानाने’ म्हणजे मध्यम, आणि नुसते ‘समाधानाने’ म्हणजे जेमतेम. वरवरच्या अर्थापेक्षा वेगळे काही सुचवणारी शब्दरचना करण्यास तेच कलम मनाई करते, तरीही ही भाषा टिकून आहे. परदेशी कंपनीत काम केले असेल आणि असे प्रमाणपत्र हाती आले, तर जाणकाराकडून ते वाचून घ्यावे.

चौथी पायरी: नोकरी सोडण्याआधी कागद पूर्ण करा

या लेखातील एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा, कारण पुढचे सगळे वाद या कागदांवर जिंकले किंवा हरले जातात. राजीनामा लेखी द्या, त्यावर तारीख घाला आणि ईमेल कंपनीच्या पत्त्याबरोबर स्वतःच्या खासगी पत्त्यावरही पाठवा, कारण शेवटच्या दिवशी कंपनीचा मेल बंद होतो. राजीनामा स्वीकारल्याचे उत्तर, नोटिस पिरियडमध्ये सूट मिळाली असल्यास तिचा लेखी उल्लेख, लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा केल्याची पोच, नो ड्यूज, फुल अँड फायनलचा हिशोब, रिलिव्हिंग लेटर आणि एक्स्पिरियन्स लेटर हे सगळे एकत्र ठेवा. त्याचबरोबर गेल्या काही वर्षांची मूल्यमापनाची पत्रे आणि पगारवाढीची पत्रेही जपा. ‘काम कधीच समाधानकारक नव्हते’ असे उद्या कोणी म्हटले, तर सलग तीन वर्षांच्या बढतीच्या पत्रांइतके चांगले उत्तर नाही. कंपनीचा गोपनीय मजकूर मात्र सोबत नेऊ नका, नाहीतर तीच तुमच्याविरुद्धची खरी तक्रार ठरेल.

भविष्यनिर्वाह निधीच्या पोर्टलवर आपल्या यूएएन (निधीचा कायमचा खाते क्रमांक) खात्यातील सेवेचा इतिहासही तपासा. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख तिथे नोंदलेली असते आणि पडताळणी करणाऱ्या एजन्सी ती रिलिव्हिंग लेटरशी ताडून पाहतात. सोडल्याची तारीख कंपनीने भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःलाही भरता येते. दोन नोकऱ्यांचे दिवस एकमेकांवर चढलेले दिसले, तर त्याचे स्पष्टीकरण आधीच तयार ठेवा.

पाचवी पायरी: काय सांगायचे ते लेखी ठरवून घ्या

सगळे सुरळीत असेल तर याची गरज नाही. पण वाद होऊन निघत असाल, कंपनीनेच राजीनामा द्यायला सांगितला असेल, किंवा तडजोडीचा करार होत असेल, तर त्या करारातच संदर्भाचा मजकूर जोडून घ्यावा. ब्रिटनमध्ये तडजोडीच्या करारांत ही नेहमीची पद्धत आहे. मजकूर छोटा आणि खरा असावा. उदाहरणार्थ: ‘श्री. / श्रीमती ——— यांनी आमच्याकडे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वरिष्ठ लेखापाल या पदावर काम केले. त्यांनी राजीनामा दिला असून तो स्वीकारण्यात आला आहे. त्यांच्याविषयीच्या सर्व चौकशांना एचआर विभाग याच मजकुराने लेखी उत्तर देईल.’ शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे, कारण त्याने साहेबांचा फोन निदान कागदोपत्री तरी बंद होतो. मात्र घडलेले गैरवर्तन खोटे बोलून झाकण्याचा करार कोणतीही शहाणी कंपनी करणार नाही, आणि काही क्षेत्रांत तसे करताही येत नाही. ब्रिटनमधील वित्तसंस्थांना २०१७ पासून विशिष्ट पदांसाठी गेल्या सहा वर्षांची माहिती देणारे नियामक संदर्भपत्र द्यावेच लागते.

सहावी पायरी: ते प्रत्यक्षात काय सांगतात ते शोधा

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुन्या कंपनीच्या एचआरला लेखी विचारणे: ‘माझ्याविषयी पडताळणीची विनंती आल्यास आपण कोणती माहिती देता, आणि माझ्या नोंदीत सोडण्याचे कारण काय लिहिले आहे?’ मित्राला खोट्या कंपनीच्या नावाने फोन करायला लावणे टाळा. त्यातून मिळालेली माहिती वापरताना तोतयागिरीचाच प्रश्न आधी उभा राहतो.

नव्या कंपनीने पडताळणीनंतर नकार दिला, तर एजन्सीच्या अहवालाची प्रत मागा. अमेरिकेत १९७० च्या क्रेडिट अहवालविषयक कायद्यानुसार एजन्सीकडून तपासणी करण्याआधी उमेदवाराची लेखी परवानगी लागते आणि प्रतिकूल निर्णय घेण्यापूर्वी अहवालाची प्रत द्यावी लागते. भारतात २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येत आहे. नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरायला तो काही बाबतींत संमतीशिवायही मुभा देतो. पण ज्या माहितीवरून व्यक्तीविषयी निर्णय होणार आहे किंवा जी दुसऱ्या संस्थेला दिली जाणार आहे, ती पूर्ण आणि अचूक असल्याची काळजी घेण्याची जबाबदारीही त्यात आहे, आणि आपली माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्कही. ब्रिटनमध्ये उलट स्थिती आहे. गोपनीयपणे दिलेले संदर्भपत्र तिथल्या २०१८ च्या कायद्यानुसार माहितीच्या हक्काखाली मागता येत नाही, ना देणाऱ्याकडून, ना घेणाऱ्याकडून.

सातवी पायरी: अडचणीची गोष्ट आधी तुम्ही सांगा

पडताळणीत जे बाहेर येणारच आहे, ते मुलाखतीत तुमच्या तोंडून आलेले बरे. ‘माझ्यावर चौकशी सुरू होती, ती पूर्ण होण्याआधी मी राजीनामा दिला, माझे लेखी उत्तर हे आहे’ हे ऐकून काही जण नकार देतील. पण फॉर्मवर ‘वैयक्तिक कारण’ लिहून नंतर चौकशी उघडकीस आली, तर नव्या कंपनीला नियुक्तिपत्रातील अटीनुसार तुम्हाला काढून टाकण्याचे स्वतंत्र कारण मिळते, आणि ते कारण खरे असते.

आठवी पायरी: चुकीची माहिती गेली असेल तर

पहिले पत्र भांडणाचे नसावे. कोणत्या तारखेच्या, कोणत्या अहवालात काय लिहिले आहे, त्यातील कोणता भाग चूक आहे, तुमच्याकडील कोणत्या कागदावरून ते दिसते, आणि दुरुस्तीचे पत्र कोणाला किती दिवसांत पाठवावे, एवढेच त्यात असावे. असे काहीसे: ‘आपण दिनांक ——— रोजी दिलेल्या माहितीत मी कामावरून गैरहजर राहून नोकरी सोडल्याचा उल्लेख आहे. माझा राजीनामा दिनांक ——— रोजी ईमेलने दिलेला असून तो स्वीकारल्याचे आपले उत्तर सोबत जोडले आहे. कृपया सात दिवसांत संबंधित एजन्सीला दुरुस्तीचे पत्र पाठवून त्याची प्रत मला द्यावी.’ बऱ्याच प्रकरणांत चूक खरोखरच नोंदीची असते आणि ती इथेच मिटते. उत्तर आले नाही, तर वकिलामार्फत नोटीस द्यावी. याच वेळी नव्या कंपनीलाही कागदांसह लेखी कळवून ठेवावे.

ही चूक एका मालकाची नसून नावांची यादी अनेक मालकांत फिरत असेल, तर तो वेगळा आणि गंभीर विषय होतो. २००९ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी एका संस्थेवर छापा घातला तेव्हा ३,२१३ बांधकाम कामगारांची अशी गुप्त यादी सापडली. त्यांतील कित्येक जण कामगार संघटनेच्या कामामुळे यादीत होते. पुढच्याच वर्षी अशा याद्यांवर बंदी घालणारे नियम तिथे आले.

नववी पायरी: न्यायालय आणि मुदत

दिवाणी दाव्यात नुकसानभरपाई मागता येते आणि पुन्हा तसे विधान करण्यास मनाईही. मुदत कायदा १९६३ नुसार लेखी बदनामी असेल तर ती प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत दावा दाखल करावा लागतो. तोंडी बदनामीसाठीही मुदत एका वर्षाचीच आहे. पत्रव्यवहारात आठ महिने घालवून मग वकिलाकडे जाणारे लोक याच अटीमुळे अडचणीत येतात. फौजदारी मार्गात पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवला जात नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर खासगी तक्रार दाखल करावी लागते आणि तिची मुदत तीन वर्षांची आहे.

पुराव्याचा भार मात्र आधी तुमच्यावर असतो. नेमके कोणते शब्द, कोणी, कोणाला, केव्हा सांगितले, हे दाखवावे लागते, आणि बहुधा हा पुरावा नव्या कंपनीकडे असतो, जिला या वादात पडण्याची अजिबात इच्छा नसते. कंपनीने सद्भावनेचा बचाव घेतला, की तिला द्वेष होता किंवा काहीही तपास न करता विधान केले, हे दाखवण्याची पाळी येते. म्हणूनच वकिलाकडे जाताना पडताळणीचा अहवाल, राजीनाम्याचा ईमेल, तो स्वीकारल्याचे उत्तर, मूल्यमापनाची पत्रे आणि नव्या कंपनीचे नकाराचे पत्र तारखांच्या क्रमाने लावून न्यावे, आणि जुन्या कंपनीने ती माहिती दिल्याची तारीख सगळ्यात वर लिहून ठेवावी.